सोळा आण्यांचा संगणक

अंदाजपत्रक हा शब्द कानावर पडला, की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे संसदेचे सभागृह आणि न संपणारे आकडे उभे राहतात. वास्तविक अंदाजपत्रक ही काही केवळ सरकारच्या मालकीची वस्तू नव्हे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गृहिणी वाणसामानाची यादी करते आणि यादीतली एखादी ओळ खोडून तिच्या जागी दुसरी लिहिते, तेव्हा तीही अंदाजपत्रकच मांडीत असते. अर्थशास्त्राचा विद्यार्थी आणि सरकारी सेवक या दोन्ही नात्यांनी आकड्यांशी माझा बराच सहवास झाला आहे. त्या सहवासातून मला एकच गोष्ट पटली. कोणत्याही अंदाजपत्रकाचा पहिला प्रश्न ‘पैसे किती?’ हा नसतो; तो ‘कशासाठी?’ हा असतो. ज्याला दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नेमके देता येते, त्यालाच पहिल्या प्रश्नात काटकसर करता येते.

हे तत्त्व स्पष्ट करण्यासाठी मी आज एक अगदी घरगुती उदाहरण घेणार आहे. एकच ऑनलाइन खेळ नीट खेळता यावा, एवढ्याच हेतूने, बेताच्या पैशात आणि स्वतःच्या हातांनी जुळवलेला टेबलावरचा संगणक, हे ते उदाहरण. विषय ऐकून काही श्रोत्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. खेळासाठी आणि संगणक? परंतु आज दिल्लीपासून बेळगावपर्यंत कितीतरी मध्यमवर्गीय घरांत हा प्रश्न जेवणाच्या पानावर येऊन बसलेला आहे. मुलगा किंवा मुलगी मागणी करते. वडील एकतर सरळ नकार देतात, नाहीतर दुकानदार सांगेल ते मुकाट्याने विकत घेतात. या दोन्ही मार्गांनी विचार करण्याचा त्रास वाचतो, हे खरे; पण पहिल्यात मुलाचा विश्वास जातो आणि दुसऱ्यात घरातला पैसा. या दोहोंमधून जाणारी एखादी पायवाट आहे काय, हे पाहू.

प्रथम खेळ कोणता ते ठरवले पाहिजे. कारण ‘खेळासाठी संगणक’ ही मागणी ‘प्रवासासाठी वाहन’ या मागणीइतकीच मोघम आहे. पंढरपूरला जायचे की लडाखला, हे कळल्याशिवाय वाहन सुचवायचे तरी कसे? आपण ‘व्हॅलोरंट’ नावाचा खेळ घेऊ. रायट गेम्स या अमेरिकन कंपनीने तो २ जून २०२० रोजी प्रसिद्ध केला आणि भारतातील तरुण मंडळींत तो चांगलाच रुजला आहे. पाच-पाच खेळाडूंचे दोन संघ असतात. एका संघाने ठरलेल्या जागी एक स्फोटक यंत्र नेऊन ठेवायचे. दुसऱ्याने ते ठेवू द्यायचे नाही, किंवा ठेवले गेलेच तर निकामी करायचे. त्यासाठी फेरीला शंभर सेकंद मिळतात आणि तेरा फेऱ्या आधी जिंकणारा संघ सामान्यतः विजयी होतो. खेळात बंदुका आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु केवळ नेमबाजीवर तो जिंकता येत नाही. साथीदारांशी सल्लामसलत आणि प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या चालीचा अंदाज यांना त्यात मोठे स्थान आहे.

आता आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. या खेळाच्या कर्त्यांनी त्यातली चित्रे जाणूनबुजून साधी ठेवली. पाण्यावरचे तरंग, गवताची पाती, उन्हाचे कवडसे यांचा सोस त्यांनी केला नाही. सामान्य घरातल्या सामान्य यंत्रावरही खेळ चालावा, असा त्यांचा हेतू होता. सेकंदाला साठ चित्रे दिसण्यासाठी त्यांनी जी शिफारस जाहीर केली, तिच्यात इंटेलचा कोअर आय-थ्री ४१५० हा प्रोसेसर आणि एनव्हिडियाचे जीटी ७३० हे ग्राफिक्स कार्ड होते. हे दोन्ही भाग २०१४ सालचे, आणि त्या काळीही स्वस्तातलेच. म्हणजे २०२० च्या खेळाची भूक सहा वर्षांपूर्वीच्या साध्या शिदोरीवर भागत होती!

येथे संगणकाच्या अंतरंगाची थोडी ओळख करून घ्यावी लागेल. पडद्यावर हलणारे दृश्य म्हणजे झरझर बदलणाऱ्या स्थिर चित्रांची मालिका. प्रत्येक चित्रामागे दोन कारागीर राबतात. एक प्रोसेसर, कोण कोठे उभा आहे, गोळी कोणत्या दिशेने गेली, कोणाची पावले कोठून ऐकू आली, याचा हिशेब ठेवणारा हा मुनीम. दुसरा ग्राफिक्सचा भाग. मुनिमाने दिलेल्या हिशेबावरून चित्र रंगवणारा हा रंगारी. ज्या खेळांत दृश्ये अतिशय नटवलेली असतात, तेथे रंगाऱ्याचे हात दुखतात आणि मुनीम बसून राहतो. व्हॅलोरंटमध्ये नेमके उलटे घडते. चित्र साधे असल्यामुळे रंगारी चटकन मोकळा होतो आणि पुढचा हिशेब मिळण्याची वाट पाहत राहतो. म्हणून या खेळासाठी महागडे ग्राफिक्स कार्ड घेणे म्हणजे एकाच भिंतीला चुना लावण्यासाठी चार रंगारी बोलावण्यासारखे आहे.

दुकानातला अनुभव मात्र निराळा असतो. माझी एक भाची नागपूरला अकरावीत शिकते. गेल्या वर्षी तिने मला एका दुकानदाराने दिलेला अंदाज पाठवला. त्यात निम्म्याहून अधिक रक्कम ग्राफिक्स कार्डाची होती, काचेच्या पेटीत सप्तरंगी दिव्यांचे पंखे होते, आणि पडदा मात्र सेकंदाला साठच चित्रे दाखवणारा, साधा. ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ या म्हणीचे इतके चोख उदाहरण मी क्वचितच पाहिले असेल. मी तिला एवढेच सुचवले, “तुला कोणता खेळ खेळायचा आहे ते कागदाच्या डोक्यावर लिही आणि प्रत्येक वस्तूपुढे ती त्या खेळात काय काम करते, ते एका वाक्यात मांड. ज्या वस्तूपुढे वाक्य सुचणार नाही, ती खोडून टाक.” चार दिवसांनी तिचा फोन आला, “मामा, दिव्यांपुढे काही सुचत नाही हो.” दिवे गेले. मग कार्डही गेले. उरलेली यादी पुष्कळच शहाणी झाली होती.

या यादीची वाटणी मी आपणांस आण्यांत सांगतो. एप्रिल १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि आणे व्यवहारातून हळूहळू निघून गेले. पण रुपयाचे सोळा भाग पाडून विचार करण्याची सोय भाषेने अजून सोडलेली नाही. शिवाय संगणकाच्या सुट्या भागांचे भाव महिन्याला बदलतात, वाटणीचे प्रमाण मात्र बरेचसे टिकते. कल्पनेसाठी एकंदर रक्कम अठ्ठेचाळीस हजार धरा, म्हणजे एक आणा तीन हजारांचा झाला.

यातले चार आणे प्रोसेसरला द्यावेत. पण प्रोसेसर असा निवडावा, की ज्याच्या पोटातच रंगारी बसलेला आहे. एएमडी कंपनीचा २०२१ साली आलेला रायझन ५ ५६००जी हे त्याचे चांगले उदाहरण. त्यात सहा गाभे आहेत, चित्रे काढण्याची सोय अंगचीच आहे, वीज बेताची लागते आणि थंड ठेवण्याचा पंखा त्याच्या खोक्यातच येतो. साध्या सजावटीवर तो हा खेळ सेकंदाला शंभराहून अधिक चित्रांनी चालवतो. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर असते, त्यांच्या पोटात रंगारी नसतो. ते थोडे स्वस्त मिळतात खरे. पण वेगळे कार्ड नसेल, तर पडदा काळाच राहतो.

अडीच आणे मदरबोर्डला. सर्व भागांना एकत्र बांधणारी ही पाटी म्हणजे घराचे जोते. तिने आज खेळाचा वेग वाढत नाही. पण उद्या मजला चढवायचा असेल, तर तो तिच्यावरच चढणार. वेगळे ग्राफिक्स कार्ड पुढेमागे बसवता यावे अशी खाच तिच्यावर असावी, आणि रॅमच्या निदान दोन, शक्य तर चार खाचा असाव्यात.

दीड आणा रॅमला, म्हणजे यंत्राच्या कामचलाऊ स्मृतीला. सोळा जीबी पुरेत. मात्र ती सोळाची एक पट्टी न घेता आठाच्या दोन घ्याव्यात. हा केवळ शिष्टाचार नव्हे. प्रोसेसरच्या पोटातल्या रंगाऱ्याजवळ स्वतःची स्मृती नसते. तो याच पट्ट्यांतून रंग उचलतो. ३२०० वेगाची एक डीडीआर४ पट्टी सेकंदाला सुमारे पंचवीस जीबी मजकूर पोचवू शकते. दोन पट्ट्या मिळून त्याच्या दुप्पट. एकाऐवजी दोन नळ सोडले, तर हौद लवकर भरणारच. त्याच किमतीत, केवळ मांडणी बदलल्याने मिळणारा हा लाभ आहे, आणि स्वस्त संगणकांत सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते याच गोष्टीकडे.

एक आणा एसएसडीला, म्हणजे कायमच्या साठवणीला. तिच्यामुळे चित्रांचा वेग वाढत नाही; खेळ लवकर उघडतो आणि संगणक चटकन जागा होतो, इतकेच. पाचशे जीबी भरपूर झाले. एक आणा वीज पुरवणाऱ्या पेटीला, जिला बाजारात एसएमपीएस म्हणतात. येथे मात्र हात आखडता घेऊ नये. साडेचारशे वॅटची, नावाजलेल्या बनावटीची, हमी असलेली पेटी घ्यावी. खोक्यावर मोठा आकडा छापलेली अनामिक पेटी स्वस्त मिळते. पण वीज खालीवर झाली की ती स्वतः जाते आणि जाताना शेजाऱ्यांनाही घेऊन जाते. कॅबिनेटला एक आणा. हवा पुढून आत आणि मागून बाहेर जाईल, एवढे पाहावे. की-बोर्ड, माऊस आणि कानावरचा हेडफोन यांना मिळून एक आणा. या खेळात पावलांच्या आवाजावरून शत्रूची दिशा ओळखायची असते, म्हणून हेडफोन ही चैन नव्हे.

आणि तीन आणे मॉनिटरला. हा आकडा ऐकून कोणी म्हणेल, पडद्याला इतके कशाला? यासाठी थोडा हिशेब करू. साधा पडदा सेकंदाला साठ चित्रे दाखवतो; म्हणजे दोन चित्रांमध्ये सुमारे सतरा मिलिसेकंद जातात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. एकशे चव्वेचाळीस हर्ट्झचा पडदा हेच अंतर सातवर आणतो. म्हणजे दहा मिलिसेकंद वाचले आणि दृश्य अधिक सलग झाले. यंत्र शंभराहून अधिक चित्रे तयार करीत असताना साठाचा पडदा लावणे म्हणजे भरल्या विहिरीवर फुटका पोहरा लावणे होय. परंतु याच तर्काने पुढे जाऊन दोनशे चाळीसचा पडदा घ्यावा काय? तेथे अंतर सातावरून चारावर येते; म्हणजे वाचले जेमतेम तीन, आणि तेवढी चित्रे पुरवायला यंत्रही अधिक दमदार लागणार. मनुष्याला काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंतच सुमारे दोनशे मिलिसेकंद लागतात, हे लक्षात घेता, या तिनांसाठी किती मोजायचे ते ज्याने त्याने ठरवावे. अर्थशास्त्रात याला घटत्या प्रतिफळाचा नियम म्हणतात. घरात त्याला ‘आता पुरे’ असे म्हणतात.

हे सारे मिळून पंधरा आणे झाले. सोळावा आणा मी मुद्दाम शिल्लक ठेवला आहे. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांकडून स्मृतीच्या चिपांना प्रचंड मागणी आली आणि रॅमचे भाव झपाट्याने चढले. आमच्या सरकारी परिभाषेत सांगायचे, तर एका लेखाशीर्षावर पुरवणी मागणी उभी राहिली. अशा वेळी शिलकीचा आणा मदतीला येतो. तोही न पुरल्यास कॅबिनेटमधला अर्धा आणा वळवता येतो. मात्र वीजपेटीच्या शीर्षातून पुनर्विनियोजन करू नये, असा माझा आग्रह राहील.

दोन खर्च या सोळा आण्यांच्या बाहेरचे आहेत. पण बाहेर ठेवले म्हणून ते नाहीसे होत नाहीत. एक विंडोजचा परवाना. हा खेळ लिनक्सवर चालत नाही, म्हणून विंडोज हवेच, आणि ते रीतसर घेतलेले हवे. चोरून वापरलेल्या प्रणालीवर मुलाला प्रामाणिक खेळाचे धडे देणे काहीसे विसंगत दिसते. दुसरा खर्च यूपीएसचा. ज्या गावात वीज वारंवार जाते, तेथे तो यादीत वरच्या ओळीत घ्यावा.

याहूनही स्वस्त मार्ग हवा असेल, तर कचेऱ्यांतून निघालेली जुनी यंत्रे बाजारात मिळतात, आणि त्यांतली काही फार चांगली असतात. पण येथे एक अडसर आहे. खेळात लबाडी होऊ नये म्हणून कंपनीने ‘व्हॅनगार्ड’ नावाचा पहारेकरी नेमला आहे. तो यंत्र सुरू होताच जागा होतो आणि प्रणालीच्या अगदी गाभ्यात बसतो. ते कोणाला रुचेल, कोणाला रुचणार नाही. पण ते माहीत असून स्वीकारावे. विंडोज ११ असलेल्या यंत्रात टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि सिक्युअर बूट चालू नसेल, तर तो खेळाचे दारच उघडत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तात्पर्य, आता जुने यंत्र घेताना विंडोज ११ ज्यावर रीतसर चालते असेच घ्यावे. इंटेलचे असेल, तर ते सर्वसाधारणपणे आठव्या पिढीचे किंवा त्यानंतरचे असावे लागते. फार जुने यंत्र घेणारा पैसे वाचवून दाराबाहेर उभा राहतो.

भाग कोठे मिळतील, हा प्रश्न देशभरच्या श्रोत्यांना फारसा अवघड नाही. दिल्लीत नेहरू प्लेस, मुंबईत लॅमिंग्टन रोड, बंगळूरला एस. पी. रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट, कोलकात्यात चांदनी चौक हे बाजार त्यासाठी प्रसिद्ध आहेत. यादी हातात घेऊन जावे, तीन दुकानांत भाव विचारावा, प्रत्येक वस्तूची पावती आणि हमीपत्र घ्यावे. यादी न घेता जाणारा माणूस दुसऱ्याची यादी घेऊन परत येतो.

यानंतर जुळवणी. हे काम जितके गूढ वाटते तितके नाही. एक चांगला स्क्रू ड्रायव्हर, स्वच्छ टेबल आणि घाई नसलेली एक दुपार एवढ्यावर ते होते. प्रथम पाटीला हात लावण्यापूर्वी धातूच्या एखाद्या मोठ्या वस्तूला स्पर्श करावा; दिल्लीच्या कोरड्या थंडीत अंगावर साठलेली स्थिर विद्युत नाजूक भागांना मारक ठरू शकते. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर लहानसा सोनेरी त्रिकोण असतो. तो पाटीवरच्या त्रिकोणाशी जुळवला, की प्रोसेसर आपल्याच वजनाने बसतो. त्याला दाबायचे नसते. जेथे जोर लावावा लागतो, तेथे बहुधा दिशा चुकलेली असते. हा नियम संगणकापुरताच आहे असे नाही. चार खाचा असतील, तर रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात. कॅबिनेटमध्ये सर्व काही कोंबण्यापूर्वी पाटी तिच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून एकदा वीज द्यावी. पडदा उजळला, तर पुढे जावे. न उजळल्यास शोधायला जागा थोडी असते.

यंत्र सुरू झाल्यावर दोन कामे राहतात, आणि ती राहिली तर मोजलेला पैसा झोपून राहतो. पहिले, बायोसमध्ये जाऊन रॅमला तिचा छापील वेग द्यावा. एरवी ती आपणहून कमी वेगाने चालते. दुसरे, विंडोजच्या पडद्याच्या मांडणीत साठाऐवजी एकशे चव्वेचाळीस हा आकडा निवडावा. नाहीतर तीन आण्यांचा मॉनिटर दोन आण्यांचे काम करतो आणि घरात कोणाला त्याचा पत्ताही लागत नाही.

यंत्र झाले. पण हा खेळ घरात एकट्याने खेळायचा नाही. तो दूरच्या एका यंत्राशी क्षणोक्षणी बोलत खेळायचा आहे. ते दूरचे यंत्र सेकंदाला एकशे अठ्ठावीस वेळा सर्व खेळाडूंचा हिशेब करते. भारतीय खेळाडूंसाठी अशी यंत्रे मुंबईत आहेत, ही गोष्ट आपल्या दृष्टीने फार मोलाची. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. दिल्लीहून मुंबई सरळ रेषेत साडेअकराशे किलोमीटर. जाऊन येऊन निदान बारा मिलिसेकंद. गुवाहाटीहून सुमारे दोन हजार किलोमीटर, निदान वीस. हेच यंत्र सिंगापूरला असते, तर मुंबईकरालाही निदान चाळीस लागले असते. प्रत्यक्षात मार्ग वळणावळणाचा असल्याने आकडे याहून मोठे होतात. हा वेळ कितीही महाग संगणक घेतला, तरी विकत घेता येत नाही. इंटरनेटचा वेग म्हणून जो आकडा जाहिरातीत दिसतो, तो रस्त्याची रुंदी सांगतो, लांबी नव्हे. म्हणून मोठी जोडणी घेण्याऐवजी भिंतीतून एक तार ओढून ती थेट संगणकात खोवावी. काही शे रुपयांची ती तार, वायफायच्या लहरीपणापासून मुक्त करून, जे देते ते हजारांचे कार्ड देत नाही.

आता खर्चाची दुसरी बाजू. असे यंत्र खेळताना, मॉनिटर धरून, साधारण शंभर-सव्वाशे वॅट वीज घेते. रोज दोन तास खेळल्यास महिन्याला सहा ते साडेसात युनिट. विजेचे बिल हा चिंतेचा विषय नव्हे. चिंतेचे विषय दोन. एक, खेळ फुकट असला तरी त्यात शस्त्रांची सजावट विकली जाते. तिने नेम सुधारत नाही, फक्त बंदूक शोभिवंत दिसते. पण अशा दोन-चार सजावटींत वाचवलेले आणे पाहता पाहता परत जातात. तेव्हा तो खर्चही अंदाजपत्रकात आधीच लिहून टाकावा, मग तो शून्य असो की काही असो. जेथे पैसे लावून पैसे जिंकण्याचे आमिष असते, ते खेळ मात्र निराळे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा केला, त्यात अशा पैशांच्या खेळांना मनाई करून कौशल्याच्या स्पर्धात्मक खेळांना त्यांपासून वेगळे काढले आहे. पालकांनीही आपल्या मनात हा भेद करावा.

दुसरी चिंता वेळेची. एक सामना सहज अर्धा-पाऊण तास घेतो, आणि अर्ध्यावर उठले, तर चार साथीदारांचा खोळंबा होतो. म्हणून “आत्ताच्या आत्ता बंद कर” हा हुकूम मुलाच्या दृष्टीने अन्यायाचा असतो. “हा सामना झाला की ऊठ” हा करार न्याय्य. पैशाचे अंदाजपत्रक ज्याने स्वतः मांडले, त्याला वेळेचे मांडायला सांगणे सोपे जाते. कारण दोन्हींत मर्यादा मान्य करणे, ही एकच गोष्ट शिकायची असते.

कोणी विचारील, उद्या हा खेळच मागे पडला तर? प्रश्न रास्त आहे. खेळ बदलतातही, जुलै २०२५ मध्ये याच खेळाचा पाया अनरियल इंजिनच्या चौथ्या आवृत्तीवरून पाचव्या आवृत्तीवर नेण्यात आला. पण आपण जुळवलेले यंत्र त्या दिवशी रद्दी होत नाही. सहा गाभे, सोळा जीबी स्मृती आणि चांगला पडदा यांवर महाविद्यालयाचा अभ्यास, हिशेब, मराठी टंकलेखन, छायाचित्रे, सारे वर्षानुवर्षे चालते. अधिक जड खेळाची हौस झालीच, तर जोत्यावर एक मजला चढवता येतो. सबंध घर पाडावे लागत नाही. फार तर वीजपेटी पुरेशी आहे की नाही, एवढे आधी तपासावे. हेतू एकच ठेवला, म्हणून वस्तू एकाच कामाची होते, असे नाही. उलट, एका कामासाठी नीट विचार करून केलेली वस्तू दहा कामे करते. आणि ‘सगळ्यासाठी’ म्हणून घेतलेली वस्तू पुष्कळदा कोणतेच काम धड करीत नाही.

आणखी एक लाभ पावतीवर लिहिलेला नसतो. ज्या मुलाने किंवा मुलीने आपल्या हातांनी संगणक जुळवला, त्याला त्या पेटीत जादू दिसत नाही, भाग दिसतात. एखाद्या संध्याकाळी पडदा उजळला नाही, तर तो कोणा कारागिराला हाक मारण्यापूर्वी पेटी उघडून रॅमची पट्टी काढून पुन्हा बसवतो. जी वस्तू आपल्याला उघडता येते, तिचे आपण धनी असतो. जी येत नाही, तिचे केवळ गिऱ्हाईक. आपल्या घरांत यंत्रे वाढत चालली आहेत आणि त्यांची झाकणे दिवसेंदिवस पक्की होत आहेत. अशा काळात चार स्क्रू काढून आत डोकावता येणारी एक पेटी मुलांच्या टेबलावर असणे, ही लहान गोष्ट नव्हे.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या घरातही अशी मागणी आली, तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. एक कोरा कागद पुढे करा आणि त्याच्या डोक्यावर हेतू लिहायला सांगा. अंथरूण पाहून पाय पसरावे हे आपण मुलांना नेहमीच सांगतो. अंथरूण किती लांब आहे, ते त्यांच्याच हाताने एकदा मोजू द्यावे.